नावेवरची चूल

जबलपूरहून बरगीचे धरण सुमारे ४० किलोमीटरवर आहे. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या साखळीतले हे पहिले पुरे झालेले धरण. १९९० साली ते पूर्ण झाले आणि जबलपूर, मंडला, सिवनी जिल्ह्यांतल्या १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. पाण्याखाली कुणाची तरी घरे, चुली आहेत, हे नावेतून फिरताना विसरता येत नाही.

आम्ही छपराच्या एका लाकडी नावेवर दोन रात्री राहायचे ठरवले. स्वयंपाक स्वतःच करायचा, हा माझा हट्ट. पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी मी छपराखाली, तळाच्या फळ्यांवर मांडली. नावाडी म्हणाला, "भाभीजी, चूल्हा बाहर रखिए." पण बाहेर वारा होता. मी ऐकले नाही.

सकाळी यांनी उदबत्तीसाठी काडी हातात घेतली आणि नावाड्याने धावत येऊन ती हिसकावली. खाली वाकल्यावर मलाही वास आला. रात्री बटण नीट बंद झाले नव्हते, आणि धाकटी तिथेच फळ्यांवर झोपलेली!

घरात गॅस गळला तर दारे-खिडक्या उघडल्या की तो निघून जातो. नाव म्हणजे मात्र पाण्यावर ठेवलेले भांडे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड; तो तळाशी साचतो आणि त्याला बाहेर पडायला वाटच नसते. नावाड्याने आम्हाला काठावर उतरवले, फळ्या उचलल्या आणि पाणी उपसावे तशी प्लॅस्टिकच्या बादलीने नुसती हवा उपसून बाहेर ओतली. मला आधी हसू आले, मग अंगावर काटा आला.

मग न्यायचे तरी काय? कोळशाची शेगडी छपराखाली मुळीच नको. तिचा विषारी वायू वासही न येता झोपेतच जीव घेतो. पंपाचा स्टोव्ह पुरेसा तापला नाही तर भडकतो, आणि हलत्या नावेत पळणार कुठे? वातींचा स्टोव्ह काजळी धरतो, वेळ खातो, पण त्यातल्या त्यात बरा. मात्र हल्ली रॉकेल मिळणेच कठीण. गॅसच हवा असेल तर तो उघड्यावर, नावेच्या मागच्या टोकाला ठेवावा, म्हणजे गळलाच तर पाण्यावरून निघून जातो. केरळच्या हाउसबोटींतही स्वयंपाकघर मागेच असते. शेगडीभोवती उंच कडांची चौकट हवी, नाहीतर एका लाटेसरशी आमटी अंगावर.

त्या संध्याकाळी आम्ही नाव काठाला लावली. तीन दगड मांडून नावाड्याने जाळ केला, मी पिठले घातले. वाऱ्याने जाळ सारखा एकीकडे झुकत होता. भाकरी एका बाजूने करपली, दुसरीकडून कच्ची राहिली. धाकटीने तरी दोन खाल्ल्या.