वीजबिलावरचे नाव

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत एके काळी भिंतीवरच्या खिळ्याला वाकवलेल्या तारेचा आकडा टांगलेला असे आणि त्यात महिन्यामागून महिना भरलेली विजेची बिले टोचून ठेवलेली असत. वरचे बिल ताजे आणि तळाचे पिवळे पडलेले, अशा त्या चळतीत कुटुंबाचा एक सलग इतिहास नकळत साठत जाई. पंखा कधी आला, शीतकपाट कधी आले, मुलगी सासरी गेल्यावर वापर किती उतरला, हे सारे त्या आकड्यांतून वाचता येत असे. बिलाच्या माथ्यावर एक नाव छापलेले असते आणि ते बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे असते. घरातील विजेचा आणि गॅसचा धोका मात्र ज्या व्यक्तीच्या हाताशी दिवसभर असतो, ती व्यक्ती बहुधा दुसरीच असते. या दोहोंतील अंतर हा घरगुती सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे आणि अलीकडच्या काही चित्रपटांनी त्याकडे ज्या बारकाईने पाहिले, त्या बारकाईने आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांनीही पाहिलेले नाही, असे मत येथे मांडावयाचे आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 1960 सालची. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण यांसाठी वेगळ्या कंपन्या झाल्या, तरी गावोगावची वयस्क माणसे अजूनही ‘बोर्डाचं बिल’ असेच म्हणतात. मंडळाच्या काळात वाढलेल्या मुलाचा विजेशी पहिला परिचय मीटरमधल्या फिरत्या ॲल्युमिनियमच्या तबकडीतून होत असे. तिच्या कडेवरची खूण किती वेगाने समोरून जाते यावरून घरात किती वीज ओढली जात आहे हे कळे आणि इस्त्री लावताच ती तबकडी कशी धावू लागते, हे पाहण्यात मुलांच्या दुपारी जात. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात 1000 वॅटचे उपकरण तासभर चालले तर लागणारी वीज, ही व्याख्या शाळेत नंतर येते. घरात ती ‘गीझर बंद कर’ या हाकेतून आधीच शिकवलेली असते.

याच वयात सुरक्षिततेचा पहिला धडाही मिळतो. जुन्या घरांत चिनीमातीच्या फ्यूजमध्ये एक बारीक तार असे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की ती तार वितळून वीज तोडत असे आणि घरातली वायरिंग जळण्यापासून वाचत असे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार गुंडाळण्याची रीत सर्रास होती आणि ती अत्यंत घातक होती, कारण त्यामुळे वितळण्याचे काम फ्यूजकडून भिंतीतल्या वायरीकडे जाते. अंधारात स्टुलावर चढून, दातांत टॉर्च धरून फ्यूज बसवणारा बाप मुलांना शूर वाटत असे, हे खरे आहे. परंतु त्या शौर्यामुळेच मेन स्विचच्या पेटीची माहिती घरातील एकाच माणसाकडे राहिली आणि तो कचेरीत असताना ठिणगी उडाली तर काय करायचे, हे घरात उरलेल्यांना कुणी सांगितले नाही.

हिंदी चित्रपटाने वीज हा विषय हाताळला तेव्हा त्याने प्रथम दिव्याकडे पाहिले. ‘स्वदेस’ (2004) मध्ये ओढ्याच्या पाण्यावर चालणारे छोटे जनित्र सुरू होते आणि बल्ब पेटताच एका वृद्धेचा चेहरा उजळतो, हे दृश्य पाहणाऱ्याच्या स्मरणात राहते. त्या चित्रपटातल्या गावाचे चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले आणि त्याच्या कथेमागे नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगाव येथील आदिवासी ग्रामस्थांनी श्रमदानाने उभारलेल्या लघु जलविद्युत प्रकल्पाची प्रेरणा सांगितली जाते. बिलगावचा तो प्रकल्प पुढे काही वर्षांतच सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. पडद्यावरचा दिवा अखंड पेटत राहिला आणि ज्या गावाने तो प्रत्यक्ष पेटवला त्या गावाचा विझला, ही गोष्ट चित्रपटाच्या प्रत्येक कौतुकाबरोबर सांगितली गेली पाहिजे. ‘स्वदेस’ प्रामाणिक आहे, तरी त्याची कथा दिवा लागण्यापाशी शिखर गाठते. दिवा लागल्यावर वायर कुणी तपासायची, देखभालीचा पैसा कुणी गोळा करायचा, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात आणि संसार त्याच प्रश्नांचा असतो.

‘बत्ती गुल मीटर चालू’ (2018) या चित्रपटाने नेमका बिलाचाच विषय घेतला, मात्र छापखाना चालवणाऱ्या तरुणावर आलेल्या अवाढव्य बिलाचे रूपांतर त्याने न्यायालयातील भाषणबाजीत केल्यामुळे घर त्यातून निसटले. त्याहून कितीतरी मोलाचा आहे तो दीप्ती कक्कर आणि फहाद मुस्तफा यांचा ‘कटियाबाज’ (2013) हा कानपूरवरचा माहितीपट. कटिया म्हणजे वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून घेतलेली चोरटी जोडणी. महाराष्ट्रात ‘आकडा टाकणे’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. उघड्या हातांनी जिवंत तारांशी खेळणारा माणूस आणि वसुलीसाठी झगडणाऱ्या अधिकारी बाई, या दोघांकडेही तो माहितीपट सारख्याच आस्थेने पाहतो. बिल नसलेल्या विजेची किंमत कुणीतरी भाजलेल्या बोटांनी मोजत असतो, हे त्यात कोणत्याही निवेदनाशिवाय दिसते.

घराच्या आत, ओट्यापाशी कॅमेरा नेऊन ठेवण्याचे श्रेय जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ (2021) या मल्याळम चित्रपटाला आणि त्यावरून आरती कडव यांनी हिंदीत केलेल्या ‘मिसेस’ (2025) ला दिले पाहिजे. या कथेत नवविवाहितेच्या स्वयंपाकघरातील सिंकचा पाइप गळतो, ती नवऱ्याला प्लंबर बोलवायला सांगते, तो विसरतो, ती पुन्हा सांगते, तो पुन्हा विसरतो, आणि घाण पाणी रोज तिच्या पायाशी साचत राहते. प्लंबरला बोलावण्याचा निर्णय आणि त्याला द्यायचे पैसे नवऱ्याकडे आहेत, पाणी मात्र तिच्या वाट्याला आहे. सासऱ्यांना उपकरणांत शिजवलेले आणि वाटलेले रुचत नाही, त्यामुळे घरात वीज असूनही तिचा लाभ जिला सर्वाधिक व्हावा तिलाच तो नाकारला जातो. बिल भरणाऱ्याच्या जिभेसाठी बिल न भरणारीचे मनगट झिजते, हा या चित्रपटांचा खरा विषय आहे. हिंदी आवृत्ती मूळ चित्रपटाइतकी निर्दय नाही. मल्याळम चित्रपटातील कामांची कंटाळा येईपर्यंत होणारी पुनरावृत्ती हेच त्याचे बळ होते आणि ‘मिसेस’ ने ती थोडी सैल केली. तरीही गळत्या पाइपला कथेचा कणा बनवण्याचे धैर्य दोहोंत आहे, आणि ज्या प्रेक्षकांनी ‘एवढ्याशा गोष्टीवर चित्रपट कसला’ असे म्हटले, त्यांनी आपल्या घरातील ओटा शेवटचा कधी पुसला हे आठवून पाहावे.

गळता पाइप ही केवळ गैरसोय नसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली व्यक्ती मिक्सरच्या सदोष वायरीला हात लावते तेव्हा तिच्या शरीरातून जमिनीकडे प्रवाह वाहू लागतो, आणि येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूजच्या जागी आलेले छोटे सर्किट ब्रेकर, ज्यांना इलेक्ट्रिशियन ‘एमसीबी’ म्हणतात, ते अतिरिक्त प्रवाहापासून वायरीचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. कारण माणसाला मारण्यास पुरेसा असलेला प्रवाह हा ब्रेकर पाडणाऱ्या प्रवाहाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. माणसासाठी ‘आरसीसीबी’ नावाचे वेगळे उपकरण लागते. ते जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहाची सतत तुलना करते आणि दोहोंत साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी वाट सोडून गळू लागली, की क्षणार्धात पुरवठा तोडते. त्याला योग्य अर्थिंगची, म्हणजे उपकरणाच्या धातूच्या आवरणापासून जमिनीपर्यंत नेलेल्या सुरक्षित वाटेची, जोड हवी. ओट्याखाली सिलिंडर असतो. द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि म्हणून वास येताच दारे-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, पण विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. 1906 हा तक्रारीचा क्रमांक ओट्याजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. रबरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ती वेळेवर बदलली जाते का, हे बहुतेक घरांत ‘त्यांना सांगितलंय’ या उत्तरावर येऊन थांबते. न्हाणीघरातील गॅस गीझर खिडकी बंद ठेवून वापरला तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि आंघोळीला गेलेले माणूस हाक न मारता बेशुद्ध पडते. या सगळ्या दुरुस्त्यांचा खर्च बहुधा एका महिन्याच्या बिलाच्या आसपासचा असतो, तरीही त्या लांबणीवर पडतात, कारण पैसे ज्याच्या हाती असतात त्याला ती भीती रोज वाटत नसते.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’ (2024) या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री हा सन्मान मिळाला तेव्हा त्याच्या निळसर, पावसाळी मुंबईविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याची खरी थोरवी घरखर्चाच्या नोंदींत आहे. एका खोलीत राहणाऱ्या दोन केरळी परिचारिकांपैकी धाकटी या महिन्याचे भाडे थोरलीने भरावे म्हणून गळ घालते. थोरलीच्या दूर परदेशी गेलेल्या नवऱ्याकडून आल्यासारखा वाटणारा एक जर्मन बनावटीचा राइस कुकर पत्राशिवाय घरी येतो आणि ती रात्री त्याला कवेत घेते. विजेवर चालणाऱ्या एका उपकरणात संपूर्ण विवाहाचे रिकामेपण इतक्या संयमाने भरलेले भारतीय पडद्यावर क्वचितच दिसते. तिसरी पार्वती, रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची विधवा, छाया कदम यांनी साकारलेली. बिल्डर तिला राहत्या घरातून उठवू पाहतो, आणि वर्षानुवर्षे तेथे राहूनही आपण येथे राहतो हे सिद्ध करणारा कागद तिच्यापाशी नाही, कारण कागदांचे सारे व्यवहार नवऱ्याकडे होते आणि तो आता नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि जुन्या चाळींत राहणाऱ्यांना पार्वतीची कथा समजावून सांगावी लागत नाही. पुनर्वसनासाठी पात्रता ठरवताना 1 जानेवारी 2000 ही तारीख महाराष्ट्रात निर्णायक मानली गेली, आणि त्याआधीपासूनचे वास्तव्य सिद्ध करताना मतदार यादीबरोबर जुने वीजबिलही पुढे करता येते. कायद्याच्या दृष्टीने वीजबिल मालकी सिद्ध करत नाही. 2003 च्या वीज कायद्याने मालकाप्रमाणेच ताबेदारालाही, म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही, जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे आणि त्यामुळे बिल फक्त राहण्याची साक्ष देते. ज्याच्याकडे दुसरा कागद नाही त्याच्यासाठी ती साक्ष सर्वस्व असते, आणि म्हणूनच ती कुणाच्या नावाने दिली जाते याला महत्त्व आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात उभा राहतो. वडील जातात आणि बिल त्यांच्याच नावाने येत राहते. ते नाव खोडवत नाही म्हणून मुले अर्ज लांबवतात, आणि ही भावना समजण्यासारखी असली तरी तिचा त्रास मागे राहिलेल्या आईला होतो. नावात बदल करण्यासाठी लागणारी कागदपत्रे फार अवघड नाहीत, अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारसा दाखवणारा पुरावा आणि इतर वारसांची संमती एवढेच बहुधा लागते, परंतु नवे नाव म्हणून मुलाचे नाव सहज सुचते आणि त्या घरात एकटी राहणाऱ्या आईचे सुचत नाही. ग्राहक क्रमांकाला जोडलेला मोबाइलही पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाचा असतो. सांगलीत किंवा चिपळूणला वीज गेल्याची सूचना त्याला मिळते, अंधारात बसलेल्या आईला मिळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबल्याने आधी सरासरीची बिले आली आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा सारा फरक एकदम जोडला गेला, तेव्हा अशा अनेक वृद्धांनी केवळ आकड्याच्या धसक्याने पंखे बंद ठेवले. युनिटचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, पहिल्या 100 युनिटांना कमी आणि त्यापुढच्यांना अधिक, आणि वरच्या टप्प्यात गेल्यावरही आधीच्या युनिटांना खालचाच दर लागतो, ही साधी गोष्ट त्यांना कुणी समजावलेली नव्हती.

2022 च्या सुमारास ‘मागचे बिल नोंदले गेलेले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल’ अशा आशयाचे खोटे संदेश पाठवून लोकांची बँकखाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांनी हीच अज्ञानाची फट हेरली. वीज कायद्याच्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते, हे ज्या वृद्धेला ठाऊक आहे ती रात्रीच्या त्या संदेशाला घाबरत नाही. ज्या वृद्धेने आयुष्यात कधी बिल स्वतः हातात धरून वाचलेले नाही ती घाबरते, दिलेल्या क्रमांकावर फोन करते आणि सांगितलेले ॲप उतरवून घेते. या बाईवर अजून कुणी चित्रपट केलेला नाही. मराठीत तो व्हावा, त्यात मीटरची पेटी, ग्राहक क्रमांक, सुरक्षा नळीवरची तारीख आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण हे सारे दिसावे, आणि महिन्यातून एकदा ते बटण दाबून पाहणारा हात तिचाच असावा.