चढत जाणारी चव

कोलंबियात पोचल्यावर सध्या ऋतू कुठला, असं विचारू नये. आपण किती उंचीवर आहोत ते विचारावं. विषुववृत्त या देशाच्या दक्षिण भागातून जातं, त्यामुळे उन्हाळा आणि थंडी तिथं पाळीपाळीनं येत नाहीत. उन्हाळा समुद्रकाठी कायमचा वस्तीला आहे, थंडी डोंगरमाथ्यावर. अँडीज इथं तीन रांगांत विभागतो. घाट चढू लागलं की केळी मागे पडतात, कॉफीचे मळे लागतात, तेही सरतात आणि थंड मातीत बटाट्याचं पीक दिसू लागतं. जेवणही असंच चढत जातं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की तिथला पदार्थ ज्या उंचीवरचा, त्याच उंचीवर खावा.

बोगोता आहे सुमारे 2,600 मीटरवर. दुपारी ढग उतरतात, पाऊस येतो, हाडांत गारवा शिरतो, आणि तेव्हाच अहियाको समोर यावा. कोंबडी आणि बटाट्याचा हा दाट रस्सा आहे, पण बटाटा एका जातीचा नव्हे, तीन जातींचा. सबानेरा शिजूनही आपला आकार सोडत नाही. पास्तुसा कडांनी ढासळतो. आणि क्रिओया, तो छोटा, हळदुव्या गराचा बटाटा, रश्श्यात पुरता विरघळून जातो. पीठ न लावता जो दाटपणा येतो, जो सोनेरी रंग येतो, तो त्याचाच. वरून ग्वास्कास नावाचा पाला पडतो. इतर देशांत शेतकरी जे रोप तण म्हणून उपटून टाकतात, त्याच्याविना बोगोतात अहियाकोला अहियाको म्हणत नाहीत. वाडग्यात मक्याच्या कणसाचा तुकडा असतो. साय, खारवलेल्या केपरच्या कळ्या आणि अवोकाडो वेगळे येतात, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घालून घ्यायचे. पहिला घास काहीही न घालता घ्यावा. त्या पाल्याचा रानवट, ओल्या मातीसारखा वास पहिल्या घासालाच नीट कळतो.

एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांपर्यंत पोचतच नाही, ब्याण्णवच्या आसपासच उकळतं. चुलीला घाई करून चालत नाही. उकळत्या पाण्याच्या तापमानावरून डोंगराची उंची मोजता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मातीतल्या फ्रान्सिस्को होसे दे काल्दास या शास्त्रज्ञानं ओळखलं होतं. 1816 साली स्पॅनिश सत्तेनं त्याला गोळ्या घातल्या. त्याचं गाव पोपायान. युनेस्कोनं 2005 साली खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गौरवलेलं. तिथं बटाटा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं सारण भरलेले चिमुकले एंपानादा मिळतात, सोबत शेंगदाण्याचीच तिखट चटणी. उंचीचा विचार करत माणसं जगतात त्या देशात असा शास्त्रज्ञ निपजावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खाली उतरावं ते थेट कार्ताहेनाला. तिथं भात नारळाच्या दुधात शिजतो, पण त्याआधी ते दूध आटवतात, आटवत राहतात, तेल सुटून तळाशी तपकिरी खमंग कण उरेपर्यंत. त्या कणांना तितोते म्हणतात. भाताचा रंग आणि किंचित गोडवा त्यातूनच येतो. कोकणच्या माणसाला नारळीभात आठवेल, फक्त इथं ताटात त्याच्या शेजारी अख्खा तळलेला मासा असतो. आणि असतात पाताकोन: हिरव्या केळ्याचे तुकडे एकदा तळायचे, चेपून चपटे करायचे, पुन्हा तळायचे. याच किनाऱ्यावर मक्याच्या पिठाची आरेपा फुगेपर्यंत तळून, तिला चीर देऊन आत कच्चं अंडं सोडतात आणि पुन्हा तेलात टाकतात. हे रस्त्यावर, उभ्यानं, बोटं भाजत खायचं.

आरेपा मात्र सगळीकडे भेटते. आंतिओकियात ती पांढरी आणि बिनमिठाची, बोयाकात चीज घातलेली. मेदेयीनला गेलात की बांदेहा पाईसा पुढ्यात येईल: राजमा, भात, खिमा, तळलेली डुकराची पट्टी, अंडं, पिकलं केळं, आरेपा, अवोकाडो. पोट भरतं, पण मला त्यातला नुसता राजमा अधिक आवडतो. शाकाहारी माणसानं आधी विचारून घ्यावं, राजम्यातही पुष्कळदा डुकराचं मांस घातलेलं असतं.

पण सगळ्या उंचींवर सारखंच मिळणारं एक पेय आहे: आग्वापानेला, म्हणजे गुळाचं पाणी. उसाचा रस चिपाडांच्या जाळावर आटवून गूळ करणारी छोटी गुऱ्हाळं तिथं डोंगरउतारांवर आहेत, आणि गुळाच्या उत्पादनात भारताखालोखाल कोलंबियाचंच नाव येतं. उकाड्याच्या खोऱ्यांत ते बर्फ आणि लिंबू घालून पितात. थंडीत तेच वाफाळतं येतं, सोबत पांढऱ्या चीजचा तुकडा. तो पाण्यात सोडायचा, मऊ होऊन तार सुटू लागली की चमच्यानं काढून खायचा. कोल्हापूर-कराडकडच्या माणसानं हे पहिल्यांदा बोगोतात घ्यावं, आणि मग खाली उतरताना प्रत्येक मुक्कामी पुन्हा मागावं.