सुरांनी दाखविलेली वाट

संगीताने मनुष्याचे मन रमते, हे सर्वश्रुत आहे. परंतु संगीत त्याला थांबवू शकते, धावावयास लावू शकते आणि वाटही दाखवू शकते, याचा प्रत्यय आम्हांला मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये यावा, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

आमच्या भगिनीची तक्रार अशी, की तिचा चौदा वर्षांचा मुलगा खेळावयास बसला म्हणजे स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका त्याच्या कानी पडत नाहीत. त्याला चार शब्द सांगावेत म्हणून आम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसलो. तो खेळत होता त्याच्या जन्मापूर्वीचा, निन्टेंडो कंपनीने १९९८ साली काढलेला ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’ हा खेळ. त्यात एक गूढ अरण्य आहे. ठायी ठायी वाटा फुटतात आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात. चुकीची वाट धरली, की खेळाडू पुन्हा आरंभी येतो. अरण्यात एक धून मात्र घुमत असते. जी वाट खरी, तिच्या तोंडाशी ती अधिक मोठ्याने ऐकू येते. “मामा, आता बोलू नका, ऐका,” भाचा म्हणाला. प्रत्येक वाटेपाशी तो थांबे, कान देई आणि मगच पाऊल टाकी. ज्याला आईची हाक ऐकू येत नाही म्हणून आम्हांला बोलावणे आले होते, तो मुलगा श्वास रोखून ऐकत होता!

तेव्हापासून या विषयाचे आम्हांला कुतूहल लागले. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यात खर्जातले अवघे चार स्वर हृदयाच्या ठोक्यांसारखे वाजत राहतात. शत्रू जसजसे कमी होतात, तसतसे उरलेले अधिक वेगाने चालून येतात आणि स्वरांची गतीही वाढते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मध्ये घड्याळाचा आकडा शंभराच्या खाली गेला, की इशारा वाजतो आणि तीच चाल दुप्पट उत्साहाने धावू लागते. तिचे संगीतकार कोजी कोंदो. अरण्यातली ती धूनही त्यांचीच.

या संगीताची खरी अडचण निराळीच आहे. चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंग किती वेळ चालणार हे ठाऊक असते. खेळात ते खेळाडूच्या मर्जीवर असते. यावर लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची योजना केली. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’ मध्ये तिचा प्रथम उपयोग झाला. त्यातील वुडटिक गावात नायक एखाद्या दारातून आत जातो, तेव्हा चाल योग्य मात्रेची वाट पाहते आणि मग त्या जागेचा साज चढवते. तो बाहेर आला, की सहज मूळपदावर येते. आम्हांला आमच्या चर्चमधील ऑर्गनवादकाची आठवण झाली. मिरवणुकीतले शेवटचे माणूस वेदीपाशी पोहोचेपर्यंत तो चाल लांबवतो आणि कोणाला कळूही न देता समेवर आणतो. संगीताने माणसाची वाट पाहणे, ते हेच.

सुरांनी मार्गदर्शन करण्याच्या या दोन रीती झाल्या. एक लय वाढवून पळावयास लावते; दुसरी वाटेच्या तोंडाशी थोडी स्पष्ट होते आणि निवड ऐकणाऱ्यावर सोपवते. संकट जवळ आले असता पहिलीचीही गरज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घराघरांतून आणि वर्गावर्गांतून मुलांना घातल्या जाणाऱ्या हाका बहुधा पहिल्याच रीतीच्या असतात. परीक्षा जवळ येते तसतशी आपली लय वाढते. मूल धावते खरे. पण कोणत्या दिशेने, हे ती लय सांगत नाही, आणि ती थांबली की मूलही थांबते.

दुसरी रीत कष्टाची आहे. त्या अरण्याच्या टोकाशी नायकाची बालमैत्रीण सारिया बसलेली असते. ज्या धुनेने त्याला तिथवर आणले, ती तिचीच. अशी साद घालणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही. मात्र ज्या वाटेने मुलाने यावे असे त्याला वाटते, त्या वाटेच्या टोकाशी त्याने स्वतः असावे लागते.