घरातला बंदोबस्त

वरिष्ठ पोलीस अधिकारी म्हटले, की खांद्यावरील पदचिन्हे, सरकारी गाडी आणि कडक सलाम आपल्या डोळ्यांसमोर येतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून उपअधीक्षक म्हणून निवड झाली आणि प्रशिक्षणासाठी नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत दाखल झालो, तेव्हा माझ्याही मनात हेच चित्र होते. अधीक्षकपदापर्यंत पोहोचताना मात्र उमगले, की हाताखालच्या माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा वेळीच ओळखणे, हे वरिष्ठाचे पहिले काम आहे.

पुण्यातील गणेश विसर्जनाची मिरवणूक २४ तासांहून अधिक काळ चालते. तेवढा वेळ एकच शिपाई चौकात उभा ठेवता येत नाही. म्हणून मार्गाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला जबाबदार अधिकारी नेमायचा, पाळ्या लावायच्या आणि राखीव तुकडी हाताशी ठेवायची. थकलेला माणूस कितीही निष्ठावान असला, तरी त्याची नजर चुकतेच.

वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो आणि वर्षभरातच आई अंथरुणाला खिळली. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, रात्री जागायचे. तिसऱ्या आठवड्यात पत्नीला जिन्यात भोवळ आली. त्याच रात्री मी कागदावर घराचा बंदोबस्त आखला. रात्री दोनपर्यंत मी, पुढे ती. रविवारी धाकटा भाऊ. बुधवारची दुपार पत्नीची स्वतःची. अडीअडचणीला शेजारच्या वहिनी.

आईला सुनेवाचून इतरांच्या हातून जेवणे रुचेना. मी म्हणालो, “आई, ती पडली तर तुला कोण उठवेल?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “धाकट्याला शनिवारीच बोलाव.”

वाचकहो, आपण शुश्रूषा करीत असाल, तर आपली पाळी कधी संपते, हे कागदावर लिहून ठेवा. विश्रांती मागण्यात कर्तव्याची चुकवाचुकव नाही. आणि आपण स्वतः वृद्ध असाल, तर दुसरा हात स्वीकारा; सेवा करणाऱ्याला दिलेला तो मोठाच दिलासा आहे. त्याच कागदावर तीन क्रमांक ठळक लिहा : तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मार्गदर्शनासाठी १४५६७. कागद अंथरुणावरून दिसेल, अशा जागी लावा.