चौकशी

बेसमेंट आवरायला काढलं की आवरणं बाजूला राहतं आणि माणूस तिथेच मांडी घालून वाचत बसतं. परवा तसंच झालं. दिवाळीच्या जुन्या पणत्यांच्या खोक्याखाली चार स्कोअरबुकं सापडली. चिरंजीव हायस्कूलच्या बास्केटबॉल टीममध्ये होते (म्हणजे बाकावर होते, पण होते), त्या चार वर्षांची. त्यांतलं शेवटचं, २०२२-२३ च्या हिवाळ्यातलं, मी इतके दिवस उघडलं नव्हतं. का ते सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण वाचणाऱ्यांत माझी आई आहे आणि तिला अजून वाटतं की मी इथे क्रिकेटसारखं काहीतरी मोजत असते. आम्ही इंडियानात राहतो. इथे शाळेतलं बास्केटबॉल हा खेळ नसून गावकीचा विषय आहे. न्यू कॅसल नावाच्या छोट्या गावातल्या हायस्कूलच्या जिममध्ये हजारो माणसं बसतात. १९५४ साली मायलन नावाच्या चिमुकल्या गावातल्या शाळेने मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला राज्याच्या अंतिम सामन्यात ३२-३० असं हरवलं, ती गोष्ट इथले आजोबा अजून काल घडल्यासारखी सांगतात. अशा ठिकाणी आईबापांनी काही ना काही काम उचलायचं असतं. कोणी पॉपकॉर्न विकतं, कोणी तिकिटं फाडतं. मी नागपूरला शाळेच्या डांबरी कोर्टवर चार वर्षं खेळले होते, नियम माहीत होते, शिवाय अक्षर बरं. म्हणून मला स्कोअरबुक मिळालं. पंचांसारखा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून मैदानाच्या कडेच्या टेबलाशी बसायचं. बास्केट झाली की आकडा, फाउल झाला की खूण, फ्री थ्रो मिळाला की वर्तुळ, आणि तो पडला की वर्तुळ आतून भरायचं. चुकला तर पोकळ राहू द्यायचं. माझं त्या पोकळ वर्तुळांवर फार लक्ष असायचं.

त्या टेबलाशी बसून मी एक वेगळाच खेळ बघायला शिकले. कधी कधी प्रेक्षकांत एखादा माणूस येऊन बसे. कॉलेजचं नाव छातीवर लिहिलेला टी-शर्ट, मांडीवर वही, कोणाशी बोलणं नाही. कॉलेजचा सहायक कोच, मुलं निवडायला आलेला. तो सामना सुरू व्हायच्या आधीच येऊन बसतो, सरावातले नेम बघतो. आणि सामन्यात बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बघतच नाही! बॉल नसताना मुलगा काय करतो, बदली केल्यावर बाकावर कसा येऊन बसतो, टाइमआउटमध्ये कोच बोलत असताना नजर कुठे असते, हे बघत असतो.

आणि उंची. उंचीचं एक विचित्र गणित आहे. सहा फूट तीन इंचाचा मुलगा शाळेत उंच म्हणून बास्केटखाली उभा राहतो आणि ढिगाने गुण करतो. पण कॉलेजात बास्केटखाली सहा-आठ, सहा-दहा वाले उभे असतात. तिथे ह्याला बाहेर येऊन, बॉल हाताळत, चपळ मुलांना अडवत खेळावं लागणार, जे त्याने शाळेत कधी केलेलंच नाही. म्हणजे कोचने बघायचं ते आज समोर नसलेलं असतं. म्हणून मग उंचीबरोबर दोन्ही हात पसरून लांबी मोजतात, पावलं बघतात, फ्री थ्रोचे आकडे मागतात. फ्री थ्रो चांगला असेल तर लांबून मारायचं शिकवता येतं, असा हिशेब. देशात साडेपाच लाखांच्या आसपास मुलं हायस्कूल बास्केटबॉल खेळतात, त्यांतली शंभरात तीन-चारच पुढे एनसीएएच्या कुठल्यातरी कॉलेजकडून खेळतात. वेबसाइटवाले ज्यांना पाच तारे लावतात ती तर वर्षाला जेमतेम पंचवीस-तीस. बाकीच्यांचं भवितव्य अशाच एखाद्या वहीवाल्या माणसाच्या हातात.

मला हे सगळं बघताना राहून राहून कांदेपोहे आठवायचे. (आई, हा परिच्छेद सोडून दिलास तरी चालेल.) माझी उंची पाच फूट आठ. १९९० च्या दशकात नागपुरात ही फार अडचणीची गोष्ट होती. "उंची किती?" "चप्पल काढून किती?" मी कोर्टवर ज्या उंचीच्या जोरावर रिबाउंड काढायचे ती बैठकीच्या खोलीत आले की कुठे ठेवू असं व्हायचं. पण उंचीचं एक बरं होतं, ती समोर दिसायची. खरी भीती चौकशीची. मंडळी पोहे खाऊन जायची आणि मग गल्लीत कोणाकोणाला विचारायची. एका ठिकाणी सगळं जमत आलं होतं, आणि अचानक "पत्रिका जुळत नाही" असं पत्र आलं. दोन वर्षांनी कळलं, समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे हो, जरा फटकळ आहे एवढंच." काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. त्या स्थळाचं मला आज काडीचंही वाईट वाटत नाही. त्या वाक्याचं मात्र वाटतं.

असो. तर आमच्या टीममध्ये एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. सहा फूट तीन इंच, वर सांगितला तोच नमुना. पण ह्याचे हात लांब, पावलं हलकी, आणि माझ्या पुस्तकात त्याच्या नावापुढे भरलेली वर्तुळं पोकळ वर्तुळांपेक्षा कितीतरी जास्त. अबोल. टाइमआउटमध्ये कोचच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. आमच्या चिरंजीवांना तो एकदा म्हणाला होता की कोणी शिष्यवृत्ती दिली तरच तो कॉलेजला जाऊ शकेल, अर्धी दिली तरी चालेल.

जानेवारी २०२३ मध्ये शेजारच्या राज्यातल्या डिव्हिजन दोनच्या एका कॉलेजचा सहायक कोच आमच्या जिममध्ये आला. डिव्हिजन दोनमध्ये शिष्यवृत्ती तुकडे करून वाटता येते, त्यामुळे अर्धी मिळणं अगदी शक्य होतं. सामना आम्ही हरलो, पण हा पोरगा सुरेख खेळला. शेवटचा भोंगा वाजला, दोन्ही संघ हात मिळवायला ओळीत उभे राहिले, आणि हा दिसेना! जिमच्या मागच्या दाराने निघून गेला होता. कोच माझ्या टेबलाशी आला. फ्री थ्रोचे आकडे विचारले, मी दाखवले. मग त्याने इकडेतिकडे बघत विचारलं, "मुलगा कुठे गेला?"

"गेला," मी म्हटलं.

"नेहमी असा जातो?"

"हरला की जातो."

एवढंच. हसत म्हटलं मी ते. माझ्या मनात काही नव्हतं. उलट, आपल्याला किती बारीक दिसतं याचा किंचित अभिमानच वाटला असेल. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि गेला. त्या कॉलेजकडून नंतर काही आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मोठमोठे चुकतात. चुकतातच. लॅरी बर्डची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. १९७४ साली फ्रेंच लिक या खेड्यातून तो बॉबी नाइटच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत गेला. खेळात काहीच खोट नव्हती. पण ते अफाट कॅम्पस, खिशात पैसे नाहीत, जीव रमेना. महिना व्हायच्या आत घरी परतला आणि गावाच्या कचऱ्याच्या गाडीवर काम करू लागला. पुढे इंडियाना स्टेटने त्याला परत खेळायला आणलं आणि १९७९ साली तो संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीपर्यंत गेला. घरची आठवण किती येईल, हे कुठल्या टेपने मोजणार? मी १९९९ साली इथे आले तेव्हा पहिला महिना रोज परतीच्या तिकिटाचा भाव बघायचे. त्यामुळे बर्ड मला खेळाडू म्हणून जितका कळतो, त्यापेक्षा त्या बसमध्ये बसलेला जास्त कळतो (बस होती की कोणाची गाडी होती कोण जाणे, माझ्या डोळ्यांपुढे बसच येते).

आणि आमच्या इंडियानापोलिसचीच दुसरी जोडी. लॉरेन्स नॉर्थ हायस्कूलचे ग्रेग ओडेन आणि माइक कॉनली. २००४ ते २००६ ओळीने तीनदा राज्याचे विजेते. सात फुटी ओडेनकडे सगळ्या देशाचे डोळे, कॉनली म्हणजे त्याला बॉल देणारा. दोघं एकाच कॉलेजात गेले, २००७ मध्ये ओडेन एनबीएत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, कॉनली चौथ्या. ओडेनच्या गुडघ्यांनी दगा दिला, जेमतेम १०५ सामने खेळला. कॉनली हजाराच्या वर खेळला. निवडणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा? गुडघ्याच्या आतलं कोणाला दिसतं.

पण मला जे दिसायला हवं होतं ते गुडघ्याच्या आत नव्हतं.

जून २०२३. इथे पदवी मिळाली की घरोघर ओपन हाऊस असतं, केक, सँडविचेस, लहानपणापासूनचे फोटो. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला मी पहिल्यांदाच भेटत होते, चार वर्षांत ती एकाही मॅचला दिसली नव्हती. तिनेच विषय काढला. म्हणाली, "मला कधी येता आलं नाही. रात्रपाळी अकराची, त्याआधी झोपायचं. घरात गाडी एकच. ती तो मॅचला घेऊन जायचा आणि संपल्या संपल्या पळत परत आणायचा. शॉवरसुद्धा घरी येऊन. एक दिवस मला उशीर होऊ दिला नाही पोराने." आणि ती हसली.

मी हातातली प्लेट घेऊन तशीच उभी. इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत, हे मला कोणी समजवायला नको होतं. नंतर दिवसभर मला ते एकच आठवत राहिलं, "हरला की जातो."

परवा बेसमेंटमध्ये बसून मी ते शेवटचं पुस्तक उघडलं. बाहेरगावच्या सामन्यांनाही मी पुस्तक घेऊन जायचे, कारण पाहुण्या संघाचं वेगळं पुस्तक ठेवावं लागतं. तिथे टीम शाळेच्या बसने जायची. बाहेरगावच्या सामन्यांची पानं उलटताना मला सगळं स्पष्ट आठवत गेलं. एका ठिकाणी आम्ही वीस गुणांनी सपाटून हरलो होतो, आणि हा ओळीत सगळ्यांत शेवटी उभा राहून एकेकाचा हात हातात घेत होता. कारण तिथे बस सगळ्यांसाठीच थांबलेली. निघून जायचा तो फक्त घरच्या मैदानावर. आणि घरच्या मैदानावर जिंकल्यावरही तसाच निघून जायचा! पण जिंकल्यावर कोण कुठे गेलं याकडे लक्ष कोणाचं असतं? आपण नाचत असतो. हरल्यावर माणसं मोजतो. सगळा पुरावा माझ्याच अक्षरात, तारीखवार, माझ्या मांडीवर होता.

नवरा म्हणतो, तुझ्या एका वाक्यावर कोणी शिष्यवृत्ती थांबवत नाही. बरोबरही असेल. ते वर्षच वाईट होतं. कोविडमुळे २०२०-२१ च्या खेळाडूंना एक वर्ष जादा मिळालेलं, त्यामुळे कॉलेजच्या संघांत जागा अडलेल्या. शिवाय २०२१ पासून कॉलेज बदललं तरी बहुतेक खेळाडूंना वर्षभर बाहेर बसावं लागेनासं झालं. मग अठरा वर्षांचं कच्चं पोर घेऊन घडवण्यापेक्षा दुसरीकडे तयार झालेला एकवीस वर्षांचा गडी आणणं कोचला सोपं. आता तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, त्यामुळे मोठ्या ठिकाणी वहीवाल्यांबरोबर हिशेबनीसही आले असतील. हे सगळं मला पटतं. नागपूरच्या त्या स्थळाचीही कदाचित पत्रिकाच जुळत नसेल.

गेल्या हिवाळ्यात तो मला दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटला. आमच्या चिरंजीवांची चौकशी केली. स्वतः काम करतो, जवळच्याच कॉलेजात थोडे थोडे विषय घेऊन शिकतो, आईने आता दिवसपाळी घेतली आहे. माझी वीस पौंडी तांदळाची पिशवी कार्टमधून उचलून त्याने डिकीत ठेवली.

"स्कोअरबुक अजून तुमच्याकडेच आहे?" त्याने विचारलं.

"नाही रे, ह्यांची बॅच गेली तेव्हाच सोडलं."

"बाकीची मुलं मॅच संपली की तुमच्या टेबलाशी येऊन आपले पॉइंट्स बघायची," तो म्हणाला. "मला कधी थांबता आलं नाही. माझे मला दुसऱ्या दिवशी कळायचे."

मी म्हटलं, हो, आठवतंय. आणखी काही म्हणणार होते. तोवर तो माझं रिकामं कार्ट जागेवर ठेवायला निघून गेला होता.