हॉलखालचे टेकू

मी सिव्हिलची डिग्री घेतली आणि कॅम्पसमधून थेट सॉफ्टवेअरमध्ये गेले. चार वर्षं शिकलेलं फुकट गेलं, असं पप्पांचं ठाम मत. त्यामुळे गेल्या मे महिन्यात, गावाकडच्या घराचा स्लॅब टाकल्यावर आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, तो सल्ला विचारायला नव्हता.

"मिस्त्री उद्या सेंटरिंग काढतोय. विटांचा ट्रॅक्टरपण उद्याच आहे, वरच चढवून घेतो."

"हॉल किती फुटांचा आहे?"

"सतरा. का?"

आयएस ४५६ मधलं तेवढं कोष्टक माझ्या डोक्यात राहिलं होतं. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठा असेल तर चौदा. तुळयांना कमीत कमी चौदा. तेही साध्या सिमेंटला. आमचा हॉल पाच मीटरच्या वर, आणि गोण्या पीपीसीच्या. त्यात राख असते. ते ताकद धरतं, पण सावकाश.

मिस्त्रींनी फोन घेतला. "ताई, वीस वर्षं आठव्या दिवशीच काढतोय. एक पडला नाही."

ते खोटं बोलत नव्हते. स्लॅब असा सहसा पडत नाही, मध्ये वाकतो. कोवळ्या काँक्रीटवर भार आला की ते हळूहळू खाली बसतं, आणि तो बाक पुढे जात नाही. लोकांना वाटतं काँक्रीट वाळतं. ते वाळत नाही, लोणच्यासारखं मुरतं. सिमेंटला पाणी लागतं, म्हणून तर पाणी मारायचं. एम २० मधले वीस हे अठ्ठाविसाव्या दिवसाचे असतात. सातव्या दिवशी, साध्या सिमेंटलासुद्धा, दोन तृतीयांशच्या आसपास.

विटांचं गणित तर त्याहून वाईट. घराचा स्लॅब माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून करतात. तीन फूट उंच विटा रचल्या की तेवढ्याच जागेवर दीड टन. पूर्ण मुरलेल्या स्लॅबच्याही मधोमध ते नको.

"प्लेटांचं भाडं रोज चढतंय," पप्पा म्हणाले.

"मी भरते."

हे बोलायला नको होतं. त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी गावी गेले. तडजोड झाली: खोल्यांच्या प्लेटा बाराव्या दिवशी, तुळयांखालचे टेकू तसेच, हॉल एकविसाव्या दिवशी. विटा अंगणात उतरल्या.

वर आईचं राज्य होतं. स्लॅबवर आळी करून तिने पाणी साठवलं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलंही बादलीने वर जायचं. तुळयांच्या बाजू मात्र दुपारपर्यंत पांढऱ्या पडायच्या. आम्ही दोघींनी तिथे गोणपाट बांधले. "हे कुणी सांगितलंच नाही," आई म्हणाली. सांगणारी पुण्यात स्क्रीनसमोर बसली होती.

एकविसाव्या दिवशी मिस्त्रींनी मधला टेकू आधी काढला. मग कडेकडेने. मी दारात उभी होते, पोटात गोळा. आमच्या कामात चुकलं तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. पप्पा सरळ हॉलच्या मधोमध जाऊन वर बघत उभे राहिले.

"पप्पा, बाहेर या आधी!"

"का? तूच म्हणालीस ना, आता चालतंय?"

ते काही बाहेर येईनात. शेवटचे दोन टेकू राहिले होते. मग मीही आत गेले.