हिरवा ठिपका

विजेवर चालणारी मोटार आम्ही पेट्रोल वाचवण्यासाठी घेतली, असे मी स्टाफरूममध्ये सांगत असतो. खरे कारण असे की ती चिरंजीवांना हवी होती आणि त्यांच्या मातोश्रींचे मत त्यांच्याच पारड्यात पडले. अशा घरात मराठीच्या प्राध्यापकाने काय करावे? हप्ते फेडावेत.

गेल्या मे महिन्यात आई म्हणाली, "मला एकदा नरसीला ने. वीस वर्षं नामदेव शिकवतोस, त्यांचं गाव तरी पाहिलंस का?"

मी चष्मा सारखा करून सुरुवात केली, "परंपरेनं १२७० साली नरसीत जन्म झाला असं मानतात खरं, पण काही अभ्यासकांच्या मते तो पंढरपूरचा..."

"तुमचा वाद मिटेपर्यंत माझा डोळा थांबायचा नाही," आई म्हणाली.

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. काचबिंदूने तिचा एक डोळा पूर्वीच नेला होता. उरलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी ठरली होती. रविवारी संध्याकाळी इस्पितळात दाखल व्हायचे होते. शनिवारी पहाटे आम्ही छत्रपती संभाजीनगर सोडले.

चिरंजीवांनी प्रवासाचा आराखडा आखला होता. घरून शंभर टक्के, जिंतूरच्या पुढे एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंग, मग थेट नरसी. मोबाइलच्या नकाशावर त्या हॉटेलापाशी हिरवा ठिपका होता. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीत चाळीस टक्के शिल्लक होते, आणि ठिपक्याच्या जागी एक उंच पांढरे कपाट उभे होते. त्याचा पडदा काळा ठिक्कर. त्याच्यावर एक चिमणी मात्र निर्धास्त बसली होती. चिरंजीवांनी मोबाइलमधून तीनशे रुपये भरले, ते तत्काळ कापले गेले. वीज काही आली नाही. हॉटेलचा रखवालदार म्हणाला, "ते तर दिवाळीपासून बंद हाय की, साहेब."

हा हिरवा ठिपका काय सांगतो, हे मला तेव्हा कळले. यंत्राने आपण ठीक असल्याचे शेवटचे केव्हा कळवले, तेवढेच तो सांगतो. परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्रासारखे! महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला असे एक केंद्र असावे, असे केंद्र सरकारने २०१८ साली सांगून ठेवले आहे. सांगणे आणि चालू असणे यांतले अंतर कोणी मोजत नाही.

औंढ्याला नागनाथाला गाडीतूनच हात जोडले, कारण थांबून वातानुकूलन चालू ठेवणे परवडणारे नव्हते. हिंगोलीत यंत्र धडधाकट होते, पण वीजच नव्हती. दुपारी कुठला तरी रोहित्र जळाला होता. चौदा टक्के उरले.

"बाबा, इथंच थांबू," चिरंजीव म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. नरसी अजून पंधरा-सोळा किलोमीटर, आणि तिथे असले यंत्र मिळण्याची आशा नव्हती. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त खिडकीची काच खाली केली आणि तो एक डोळा बारीक करून रस्त्याची पाटी वाचायचा प्रयत्न केला. मी गाडी नरसीच्या रस्त्याला लावली.

आठ टक्क्यांवर आम्ही कयाधूकाठी पोहोचलो. मंदिरात पंजाबातून आलेले चार शीख यात्रेकरू होते. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. इथे त्यांतले एक आजोबा हात जोडून उभे होते आणि त्यांच्या शेजारी माझी आई. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आई बराच वेळ मूर्तीसमोरून हललीच नाही. मी घड्याळाकडे पाहण्याचे टाळले.

गावात पिठाच्या गिरणीवाल्याने जागा दिली. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवरही गाडी भरते, फक्त तासाला तीन युनिटच्या बेताने. म्हणजे सारी रात्र. मोठ्या यंत्राला थ्री-फेज लागते, याला सिंगल-फेज पुरते. आम्ही मोठ्या आशेने प्लग लावला आणि तांबडा दिवा लागला. चिरंजीवांचा चेहरा उतरला. गिरणीवाला मात्र हसला. "अर्थिंग वाळलंय, सर. उन्हाळ्यात असंच होतंय." त्याने मूठभर मीठ आणि दोन बादल्या पाणी भिंतीलगतच्या खड्ड्यात ओतले. दिवा हिरवा झाला! गोरा कुंभाराने मडकी थापटून नामदेवांना कच्चे ठरवले होते; आमच्या गाडीने त्यांच्याच गावात जमीन कच्ची ठरवली, एवढाच फरक.

साडेनऊला वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली.

२००५च्या सुमारास भारनियमनाच्या दिवसांत मी एम.ए.चा अभ्यास कंदिलावर केला आहे, तेव्हा अंधार मला नवा नाही. पण त्या रात्री ओसरीवर पडल्या पडल्या मी टक्के मोजत होतो. बावीसवर अडकले होते. डॉक्टर पुन्हा कधीची तारीख देतील? तोवर डोळ्याचे काय? सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, चारपर्यंत वाट बघा. नाहीतर तुम्ही आईंना घेऊन हिंगोलीहून एस.टी.नं पुढं व्हा. आम्ही गाडी आणतो." तिने हे केव्हाच ठरवून ठेवले होते. आई तेवढी गाढ झोपली होती.

पावणेतीनला पंखा फिरला.

सकाळी आठला त्रेसष्ट टक्के झाले होते. गिरणीवाल्याने मीटर पाहून साडेसोळा युनिटचे पैसे व्यापारी दराने काटेकोर घेतले. रात्रीच्या भाकरी-पिठल्याचे मात्र विचारताच त्याची आई माझ्या अंगावर धावून आली. हिंगोलीत वीज परतली होती. तिथे उरलेली टाकी भरली आणि संध्याकाळी साडेपाचला आम्ही इस्पितळाच्या दारात उभे होतो.

मंगळवारी पट्टी निघाली. आता आई सकाळी वर्तमानपत्र स्वतः वाचते. माझ्या मोबाइलवरचे बारीक अक्षरसुद्धा वाचते, आणि रोज विचारते, "ते तीनशे रुपये आले का रे?" अजून आलेले नाहीत.